चिकट्याचं माप

मंगळवारी दुपारी पावणेबाराला ठमीने यंत्राच्या पडद्यावरचे आकडे पाहिले आणि पहिली शिवी यंत्राला हासडली. "मेलं पुन्हा बिघडलं वाटतं!"

ठमी म्हणजे संस्थेतली मोठी शास्त्रज्ञ. वय पंचावन्न, केस पिकलेले, नावापुढे इतक्या पदव्या की दारावरची पाटी बदलून लांब करून घ्यावी लागली होती. पण ती पाळण्यात असताना थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तिला ठमी म्हणायला सुरुवात केली ती आजतागायत. तेव्हा आपणही तेच म्हणू.

अकरा वर्षं ही बाई एका प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आणि एक आकडा होता, पण लॅबमध्ये सगळे त्याला चिकट्या म्हणत. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींशी बोलतात, त्या सांध्यांवर हा जाऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. मग बोलणंच खुंटतं. माणूस आधी चष्मा विसरतो, मग घरचा रस्ता, मग पोटची पोरं. अल्झायमरचं मूळ हेच, असं ठमीचं म्हणणं. पुरावा काय, तर रुग्णांच्या पाठीत सुई घालून कण्यातलं पाणी काढायचं आणि मोजायचं. त्यात चिकट्या निरोगी माणसांच्या निम्मा भरायचा. उरलेला निम्मा गेला कुठे? मेंदूत चिकटून बसला. या एका मापावर तिचं नाव झालं. त्याच मापाच्या भरवशावर चिकट्याला उपटून काढणारं औषध तयार झालं आणि येत्या गुरुवारी सकाळी पलीकडच्या इस्पितळात अठरा रुग्णांना त्याची पहिली सुई टोचली जाणार होती.

त्या अठरांत दादा होता. ठमीने त्यात काही लुडबूड केली नव्हती, करायची परवानगीही नव्हती. मेंदूच्या डॉक्टरांनी दीडशे नावांतून चिठ्ठ्या काढल्या होत्या आणि दादाची चिठ्ठी निघाली त्या दिवशी वहिनीने फोनवर दहा मिनिटं नुसतं रडून घेतलं होतं. तर सुई टोचण्याआधी चिकट्या किती आहे ते एकदा मोजून ठेवायचं, म्हणून त्या अठरा जणांचं कण्यातलं पाणी आज लॅबमध्ये आलं होतं. आणि पडद्यावर दिसत होतं की अठराच्या अठरांमध्ये चिकट्या पूर्ण आहे. निरोगी माणसाइतका. एक थेंब कमी नाही.

तिने यंत्र बंद करून चालू केलं. रसायनांचा नवा डबा फोडला. सगळी सॅम्पलं पुन्हा लावली. तीन वाजता पुन्हा तेच. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, तो तासभर आत डोकं घालून बसला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, यंत्राला काही धाड भरलेली नाही. ठणठणीत आहे."

साडेचारच्या सुमारास मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मावशी लॅबच्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. सॅम्पलं आणणं, ओतणं, गोठवणं हे सगळं सव्वीस वर्षं त्यांच्याच हातून होत आलेलं.

"मॅडम, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला हो मावशी. आता आणखी काय रागवायचं राहिलंय?"

"या वेळची सॅम्पलं सरळ आपल्या ट्यूबमध्ये आलीत. नवीन नियम ना. नर्सने पाठीतून थेंब धरले ते आपल्याच ट्यूबमध्ये, आणि तशीच बर्फावर ठेवून मी घेऊन आले."

"मग?"

"आधीची तशी नव्हती येत. पेशंटचं पाणी इस्पितळवाले आधी त्यांच्या ट्यूबमध्ये घ्यायचे. मग जंतूबिंतू बघायला दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतायचे. त्यांचं काम झालं की उरलेलं तिसरीत भरून मला द्यायचे. मी इथे आणून आपल्या चौथ्या ट्यूबमध्ये ओतायचे."

"आणि निरोगी लोकांचं?"

"ते गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्यांचं. भूल द्यायला पाठीत सुई घालतात, तेव्हाच थेट आपल्या ट्यूबमध्ये. त्यांचे जंतू कोण बघतंय?"

ठमीने शेजारची रिकामी ट्यूब उचलून उजेडात धरली. ज्या प्रथिनाला सगळी लॅब अकरा वर्षं चिकट्या म्हणून हाक मारत होती, ते प्लास्टिकच्या भिंतीलाही चिकटणार, एवढं साधं कोणालाच सुचलं नाही! प्रत्येक ओतण्यात थोडा मागे राहणार. रुग्णांचं पाणी तीनदा ओतलं जायचं, निरोगी माणसांचं एकदाही नाही. तर मग निम्मा कुठे गेला होता? मेंदूत की कचऱ्याच्या डब्यात?

"मावशी, अकरा वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, मॅडम. तुम्ही एवढंच विचारायचात, मावशी, सांडलं नाही ना? तर सांडलं नाही. देवाशप्पथ, एक थेंब सांडलं नाही कधी."

यावर रागवायचं तरी कोणावर? ठमीने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "उद्या सकाळी आठला या. गोठवलेलं गुडघेवाल्यांचं पाणी काढू. तुम्ही जसं ओतायचात, अगदी तस्सं ओतायचं."

बुधवारी सकाळी मावशींनी ओतलं. एकाच माणसाचं पाणी. थोडं न ओतलेलं, थोडं एकदा ओतलेलं, थोडं दोनदा, थोडं तीनदा. अशा दहा माणसांचं. ठमी बाजूला उभी राहून त्यांच्या हाताकडे बघत होती. हात इतका सफाईदार होता की तिला रडू येत होतं. मनातल्या मनात ती म्हणत होती, आकडे हलू देऊ नकोस, बाबा, आकडे हलू देऊ नकोस. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रयोग फसावा म्हणून प्रार्थना करत होती.

अडीच वाजता आकडे आले. न ओतलेलं शंभर. एकदा ओतलेलं ऐंशी. दोनदा चौसष्ट. तीनदा एक्कावन्न. दहाही माणसांचं थोडंफार असंच. तीनदा ओतलं की निम्मा. तिचा अकरा वर्षांचा निम्मा.

आकड्यांचा कागद घेऊन ती तडक संस्थेच्या प्रमुखांकडे गेली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एका दिवसाच्या प्रयोगावर एवढा बोभाटा कशाला?" ते म्हणाले. "सोमवारी समितीची बैठक आहे. तिथे शांतपणे मांडू."

"सुई उद्या आहे, साहेब."

"एक सुई! एका सुईने असं काय आभाळ कोसळणार आहे?"

"निरोगी माणसांवर चाचणी केली तेव्हा शंभरात तिघांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. औषध लागू पडणार असेल, तर तेवढा धोका लोक पत्करतात. पण जे मेंदूत चिकटलेलंच नाही, ते उपटायला निघालोय आपण. मग हाती उरलं काय? नुसता धोका."

"चिकटलेलं नाहीच, असं तरी कुठे सिद्ध झालंय?"

"चिकटलंय असंही आता सिद्ध नाही."

साहेबांनी कागद परत तिच्याकडे सरकवला. माणूस वाईट नव्हता. चाळीस लोकांचे पगार या औषधावर चालले होते आणि ते त्याला रोज सकाळी आरशात दिसत असणार. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचा भाऊ आहे ना त्यात? त्याच्यासाठी तरी. कोण जाणे, दुसऱ्याच कुठल्या कारणाने गुण येईल."

हे मात्र ठमीच्या वर्मी लागलं. कारण कालपासून तिच्या मनात हेच वाक्य घोळत होतं.

जागेवर येऊन तिने पत्र लिहिलं. इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांना आणि समितीच्या सगळ्यांना. माझ्या मापात चूक आहे, उद्याच्या सुया थांबवा, खाली आकडे. सात ओळी. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती वीस मिनिटं बसली आणि मग पत्र तसंच ठेवून उठली. आधी दादाला सांगायला हवं, दुसऱ्याकडून कळायला नको, असं कारण तिने स्वतःला दिलं. कारण बरं होतं, पण खोटं होतं. ती घाबरली होती, दुसरं काही नाही.

साडेपाचला ती दादाच्या घरी पोचली. दार वहिनीने उघडलं आणि काही बोलायच्या आत ठमीचे दोन्ही हात हातात घेतले.

"काल झोपले गं मी. दोन वर्षांत पहिल्यांदा सलग सहा तास. तुझ्यामुळे."

दादा आत खिडकीजवळ बसला होता. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, अजूनही बसला की पाय ब्रेकवर ठेवल्यासारखे तयार. घरभर वहिनीने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कपाट. न्हाणीघर. गॅसला हात लावू नये.

"ये ठमे, ये! बघितलंस का? हिने सगळ्या घराला चिठ्ठ्या डकवल्यात. उद्या माझ्या कपाळावर डकवेल, 'नवरा' म्हणून."

"लावणारच आहे," वहिनी म्हणाली. "नाहीतर शेजारणीकडे जाऊन बसाल."

दादा खो खो हसला. ठमीही हसली.

"उद्या काय आहे गं?" दादाने बायकोला विचारलं.

"उद्या सुई. ठमीचं औषध."

"हो का?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "छान झालं की!" पाच मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं, उद्या काय आहे, आणि पुन्हा तितकाच उजळला. ठमी तिथे पाऊण तास होती. तेवढ्यात ही आनंदाची बातमी त्याला चार वेळा नव्याने कळली.

आता बोल, आता बोल, असं ती स्वतःला ढोसत राहिली. वहिनी उद्याचा शर्ट इस्त्री करत होती, कॉलरीवरून पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती. "तुझे उपकार कसे फेडायचे" असलं काही ती बोलली असती तर ठमीने कदाचित तोंड उघडलं असतं. पण ती म्हणाली, "आणखी वर्षभर मला ओळखत राहिले तरी पुष्कळ." ठमी उठली, "उद्या भेटू" म्हणाली आणि जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर तिने स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

गुरुवारी सव्वानऊला इस्पितळाचा तिसरा मजला माणसांनी भरला होता. अठरा रुग्ण आणि त्यांची माणसं. कोणी आईचा हात धरून, कोणी नवऱ्याच्या शर्टाची बटणं सारखी करत. ठमीला पाहून दोन-तीन जण उठून उभे राहिले. "याच त्या मॅडम," कोणीतरी कुजबुजलं. तिच्या मोबाइलमध्ये ते सात ओळींचं पत्र तसंच पडून होतं.

पहिला नंबर दादाचा. आतल्या खोलीत तो पलंगावर बाही वर करून बसला. वहिनी उशाशी, ठमी भिंतीला टेकून. नर्सने ट्रे आणून ठेवला. मेंदूचे डॉक्टर तरतरीत, हसतमुख. त्यांनी समोर कागद धरला.

"काका, सुई देण्याआधी हा कागद मला तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा असतो. एकेक ओळ. समजली तर हो म्हणायचं, नाही समजली तर थांबवायचं. घाई नाही."

"वाचा की," दादा म्हणाला.

डॉक्टर वाचू लागले. औषधाचं नाव. किती सुया. डोकं दुखू शकतं. क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दादा प्रत्येक ओळीला शाळकरी मुलासारखा "हो" म्हणत होता. पुढची ओळ ठमीला पाठ होती. साध्या माणसाला कळेल अशी लिहून द्या म्हटलं होतं, म्हणून ती तिनेच लिहून दिली होती.

"'या आजारात एक प्रथिन मेंदूत चिकटून बसतं, हे रुग्णांच्या मोजणीतून दिसून आलं आहे. हे औषध ते प्रथिन काढून टाकण्यासाठी आहे.' समजलं का, काका?"

दादा या वेळी हो म्हणाला नाही. त्याने भुवया गोळा केल्या. मग मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"ठमे, हे तूच मोजलंस ना?"

"हो, दादा."

"बरोबर आहे ना गं? मी विसरतो, म्हणून विचारून घेतो."

खोलीत सगळे तिच्याकडे बघून हसत होते. वहिनी हसत होती, नर्स हसत होती. ठमीला वाटलं, फक्त मान हलवली की झालं. एवढीशी मान. लहानपणी हिशेब चुकला की दादा असाच विचारायचा आणि ती ठोकून द्यायची, आणि तो दरवेळी विश्वास ठेवायचा. मूर्ख कुठला.

"नाही, दादा," ती म्हणाली. "चुकलंय."

कोणालाच कळेना. डॉक्टरांचा कागद हातातच राहिला. मग ठमीने सांगितलं. ट्यूब, तीनदा ओतणं, शंभर, एक्कावन्न. आवाज थरथरत होता, पण आकडे थरथरले नाहीत. सांगता सांगता तिने मोबाइल काढला आणि कालचं पत्र पाठवून दिलं. डॉक्टरांच्या खिशात लगेच टुंग वाजलं. त्यांनी वाचलं, त्यांचा चेहरा पडला आणि ते नर्सला म्हणाले, "ट्रे घेऊन जा. बाहेर कोणालाही काही टोचायचं नाही."

वहिनी पलंगाजवळून ठमीकडे वळली.

"काल संध्याकाळी माहीत होतं तुला?"

"हो."

"पाऊण तास बसलीस. हसलीस. मी शर्टाला इस्त्री करत होते ते बघत बसलीस!"

"वहिनी, माझी हिंमत..."

"तुझी हिंमत गेली खड्ड्यात." वहिनीने दादाची बाही खाली ओढली आणि बटण लावायला लागली. बटण लागेना. "आता यांना घरी नेऊन काय सांगू? मी नाही सांगणार. दोन महिने दिवसातून पन्नास वेळा मी सांगितलं, सुई आहे, सुई आहे. आता नाही, हे तू सांगायचं."

बाहेर डॉक्टरांनी बाकीच्यांना सांगितलं असावं. कोणीतरी खुर्ची आपटली. एका म्हाताऱ्या बाईचा मुलगा ओरडत होता, चाललीये ती, थोडा धोका असला तर असू दे, द्या तिला! ठमी त्या गर्दीतून वाट काढत निघाली. मघाशी उठून उभे राहिलेले लोक आता बसूनच होते.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला वहिनीचा फोन आला. "ये. इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून दारात बसलेत. सुईला जायचंय म्हणताहेत."

सगळं विसरणाऱ्या त्या डोक्यात नेमकी ही एक गोष्ट रुतून बसली होती. ठमी गेली, समोर स्टूल ओढून बसली आणि सांगितलं. दादाने नीट ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे गं. चूक कोणाची होत नाही?" ती ओक्साबोक्शी रडली. शनिवारी पावणेआठला तो पुन्हा बूट घालून बसला होता. तिने पुन्हा सांगितलं. शनिवारी तो भडकला. "मग तोंड उघडलंसच कशाला? टोचू द्यायचं होतंस! मेलो असतो तर मेलो असतो!" रविवारी तो नुसता बूट काढून आत गेला. सोमवारी परत माफी, मंगळवारी परत शिव्या. तिला रोज वेगळा न्याय मिळत होता आणि त्यातला खरा दादाचा कोणता, हे सांगणारं यंत्र तिच्या लॅबमध्ये नव्हतं. वहिनी दार उघडायची, बाजूला व्हायची, एक अक्षर बोलायची नाही.

तिथून ठमी लॅबमध्ये जायची. मावशी आणि ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसल्या होत्या, या वेळी सरळ एका ट्यूबमधून. किती वर्षं लागतील कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दादाच्या कामाचं त्यातलं काहीच असणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बाराव्या दिवशी तिला यायला उशीर झाला. साडेआठ वाजले. धापा टाकत जिना चढून ती आली, तर दार उघडंच होतं. दादा बूट घालून खुर्चीत बसला होता, डोळे लाल. त्याच्यासमोरच्या स्टुलावर वहिनी होती. तिचेही डोळे लाल होते. आज तिने स्वतःच सांगितलं होतं.

"ठमे, ऐकलंस का?" दादा म्हणाला. "सुई नाही म्हणे. काहीतरी मोजायला चुकलं म्हणे कोणाचं तरी. ही नाव सांगत नाही."

ठमीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान दुसरीकडे वळवली आणि पदराने नाक पुसलं.

"राहू दे आता," वहिनी म्हणाली. "एक दिवस राहू दे."

ठमी दादाच्या पायाशी खाली बसली आणि त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली.

"माझं चुकलं, दादा," ती म्हणाली. "पाय इकडे कर."